भाड्याच्या घराची परसबाग



ऑक्टोबर सरत आला की दोह्यात खिडक्या उघडता येतात आणि पालकांच्या गप्पांत मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांचा विषय निघतो. कुणी टोमॅटो लावतो, कुणी वांगी. मे महिन्यात ऊन चढले की सगळे करपते, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा श्रीगणेशा. याला आमचा विरोध नाही. ताज्या मेथीला कोण नाही म्हणेल? पण ज्यांच्या घरामागे थोडीफार जमीन आहे, त्यांनी वाफ्यांवर न थांबता झाडे लावावीत असे आम्हाला वाटते. तीही एकमेकांच्या सावलीत वाढणारी, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून लावलेली.

हल्ली याला 'फूड फॉरेस्ट' असे नवे नाव मिळाले आहे. ज्यांचे आजोळ गोव्यात किंवा तळकोकणात आहे, त्यांना ते नाव ऐकून हसू येईल. तिकडे कुळागर म्हणतात ते हेच. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेली मिरी, मधे केळी, खाली अननस, हळद, आले. कुणी पाटाचे पाणी वळवतो, कुणी बुंध्याशी पाला पसरतो. घरातले लहान मूलही रिकामे बसत नाही.

कोकणात पाऊस धो धो पडतो, इथे वर्षाला जेमतेम ७५-८० मिलिमीटर, मग तुलना कशी करायची, असे कोणी विचारेल. त्यांनी कोकण सोडून जरा शेजारी पाहावे. सलवाची सीमा ओलांडली की पुढे सौदी अरेबियात अल-अहसा हे मरूद्यान लागते. तिथे सुमारे २५ लाख खजुराची झाडे आहेत आणि २०१८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. खजुराच्या सावलीत लिंबू, डाळिंब, अंजीर आणि त्यांच्याही खाली भाजीपाला, अशी तिथली जुनी रीत. वाळवंटात सावली हीच पहिली गरज, आणि ती झाडच झाडाला देते. आपला वाफा मे महिन्यात मरतो, कारण त्याच्या डोक्यावर कोणी नसते.

खरी अडचण पाण्याची किंवा उन्हाची नाहीच. ती आपल्या मनात आहे: घर भाड्याचे, नोकरी कराराची, मग झाड कशाला? गेल्या महिन्यात ओळखीच्या एका घरात हेच बोलणे चालू होते, तेव्हा आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "मग आपण इथे राहतो की नुसते थांबलोय?" मोठ्यांपैकी कोणी उत्तर दिले नाही.

आम्ही द्यायचा प्रयत्न करतो. सगळी झाडे नातवंडांसाठीच लावायची असतात असे नाही. शेवगा आणि पपई वर्षभरात हाती काहीतरी देतात, केळीला साधारण तेवढाच वेळ लागतो. करार दोन वर्षांचा असला तरी एवढे खाऊन होते. जोडीला लिंबू, कढीपत्ता लावावा आणि जागा असेल तर एक सिद्र. सिद्र म्हणजे आपल्या बोरीची जवळची बहीण. कतार फाउंडेशनच्या चिन्हावर तिचेच झाड आहे. ती मोठी होईपर्यंत आपण कदाचित पुण्याला किंवा टोरांटोला गेलेले असू. तिची बोरे दुसरी मुले खातील. खाऊ देत! मात्र घरमालकाला आधी विचारावे आणि भिंत व नळ सोडून खड्डा घ्यावा.

पाण्याचे मात्र मनावर घ्यायलाच हवे. इथे नळाला येणारे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून बनवलेले असते आणि त्यासाठी भरपूर ऊर्जा लागते. पाइप सोडून देऊन गप्पा मारत बसणे शोभत नाही. बुंध्याभोवती आळे करावे, त्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा, तांदूळ धुतलेले पाणी तिथेच ओतावे. ऑगस्टच्या दमट दिवसांत एसीच्या नळीखाली बादली ठेवून पाहा, किती भरते ते! पहिल्या उन्हाळ्यात रोपांवर हिरवी जाळी बांधावी.

आता कामाचे. माळ्याला पैसे देऊन हे सगळे एका दिवसात उरकता येईल, पण मग मुलांना ते झाड दुकानातून आणल्यासारखेच वाटेल. माळीकाका बहुतेक वेळा स्वतः शेतकऱ्याचे मुलगे असतात; त्यांच्याकडून शिकावे, खुरपे मात्र आपण धरावे. आणि १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला इथे २०२१ पासून बंदी आहे, हे घरच्या बागेतही विसरू नये.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, त्यात तासगावकडचे द्राक्ष बागायतदार आपापले प्रयोग एकमेकांना सांगत. पाच माणसांच्या घराचे दहा गुंठ्यांत भागू शकते, असा हिशेब दाभोळकर मांडत. आपल्या परसात एक गुंठाही नसेल, पण वही ठेवायला काय हरकत आहे? आळ्यात पाला घातलेले आणि न घातलेले, अशी दोन रोपे ठेवून काय फरक पडला ते मुलांनी मराठीत लिहावे. आळे, मुनवा, केळफूल, घड, फणी हे शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो आणि पुढच्या शुक्रवारी ते विसरलेले असतात. केळीचा मुनवा स्वतः खणून काढलेल्या मुलाला तो शब्द पुन्हा सांगावा लागणार नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हिरमुसू नये. मोठ्या कुंडीत कढीपत्ता छान येतो, आणि परस असलेल्या घरांना खणायला माणसे हवीच आहेत.

येत्या शुक्रवारी आम्ही शेवग्याच्या वाळलेल्या शेंगा वर्गात आणणार आहोत. प्रत्येकाने दह्याचा एक रिकामा डबा, तळाला भोक पाडून, बरोबर आणावा. माती आमच्याकडे आहे.