निर्जन अरण्य कोठे आहे?



नववीच्या वर्गात भूगोलाचा तास चालला होता. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील समशीतोष्ण पर्जन्यवनांचे वर्णन नुकतेच वाचून झाले होते. समुद्राचे अरुंद फाटे डोंगरांत दूरवर शिरलेले, रस्ते जवळजवळ नाहीतच. लहानशा जहाजातून जावे, एखाद्या खाडीत नांगर टाकावा आणि शेवाळाने मढलेल्या प्रचंड सीडर वृक्षांखालून पायवाटेने चालू लागावे. भेस्तानच्या कारखान्यांचा खडखडाट ऐकत वाढलेली आपली मुले हे ऐकून काही क्षण स्तब्ध झाली. मग एकाने विचारले, "सर, जिथे माणूस कधी गेलाच नाही असे जंगल आपल्याकडे आहे का?"

तास संपत आला होता. मी "आहे" असे म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकीचे होते, आणि ती चूक येथे दुरुस्त करणे मला अगत्याचे वाटते.

मला त्या वेळी वासोट्याचे अरण्य आठवले होते. सह्याद्रीतील वने उष्ण कटिबंधातील. कॅनडातील वनांशी त्यांचे नाते केवळ पावसाचे. परंतु आधी जलमार्ग व मग पायवाट, हा प्रवासाचा क्रम मात्र येथेही तोच आहे. सातारा जिल्ह्यातील बामणोली गावी लाँचमध्ये बसावे. शिवसागर जलाशयातून सुमारे दीड तास जावे. दोन्ही तीरांवरचे डोंगर हळूहळू जवळ येतात, बोलणी आपोआप थांबतात. पलीकडे उतरल्यावर वनखात्याकडे नावे नोंदवावयाची आणि ओढा ओलांडून चढणीस लागावयाचे. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची इतकी दाट सावली की भर दुपारीही ऊन तुकड्यातुकड्यांनीच खाली पडते. शेकरू दिसते; गवा व अस्वल यांच्या केवळ खुणा दिसाव्यात, हेच बरे! माथ्यावर बिनछपराचा मारुती आहे, आणि बाबूकड्यावरून खाली पाहिले की पाय आपोआप मागे सरतात. ताई तेलिणीची कथा आणि १८१८ साली इंग्रजांनी गड घेतल्याची हकीकत तुम्हांस पुस्तकांत मिळेल.

सूर्यास्तापूर्वी परतलेच पाहिजे, असा तेथे नियम आहे. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० साली हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत पोहोचला. मुक्कामास मनाई असल्याबद्दल अनेक तरुण कुरकुरतात. मला तो नियम मुळीच जाचक वाटत नाही. माझी मातृभाषा कोकणी. आमच्या गोव्याकडे देवाच्या राईतून वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. रानात पाहुण्यासारखे जावे आणि वेळेवर निघावे, हे आम्हांस कोणी कायद्याने शिकविले नव्हते.

परंतु खरा मुद्दा परतीच्या वाटेवर माझ्या ध्यानात आला. लाँच चालविणाऱ्या वृद्ध गृहस्थांना मी सहज म्हणालो, "किती निर्जन, किती शांत आहे हो!" त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले. "आमची शेतं हितंच होती, गुरुजी," एवढेच ते म्हणाले.

कोयनेचे धरण बांधले गेले तेव्हा या खोऱ्यातील हजारो कुटुंबे उठली. कोणी सांगलीस गेले, कोणी सोलापूरच्या कोरड्या मुलखात, कोणी ठाणे व रायगड या जिल्ह्यांत. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली गावही गेले. ज्या शांततेची आपण वाखाणणी करतो ती तेथे पूर्वी नव्हती. तेथे पूर्वी कोंबडे आरवत होते. धरण नको होते, असे माझे म्हणणे नाही. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्रातील किती घरे व कारखाने उजळले! परंतु "येथे कधी कोणी नव्हतेच" असे म्हणणे म्हणजे उठून गेलेल्यांना दुसऱ्यांदा उठविणे होय.

आणि तो कॅनडाचा किनारा? तेथेही हैल्टसुक, हैडा आदी लोक हजारो वर्षे राहत आले आहेत. सीडरच्या खोडापासून ते होड्या कोरीत, सालीची वस्त्रे विणीत. सुमारे चौसष्ट लाख हेक्टरांच्या 'ग्रेट बेअर' पर्जन्यवनाविषयी २०१६ साली जो करार झाला व ज्याने तेथील पंच्याऐंशी टक्के जंगल तोडीपासून वाचविले, त्यात या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींचा मोठा वाटा होता. निर्जन अरण्य हा बहुधा जहाजातून पाहणाऱ्याचा शब्द असावा.

म्हणून सहलीविषयी माझी एक सूचना आहे. वासोट्यास अवश्य जावे. पण त्याआधी एकदा उकाईस जावे. आपल्या नळास येणारे तापीचे पाणी तेथूनच सोडले जाते. १९७२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचे पाणी मागे पार नवापूर तालुक्यापर्यंत पसरले आहे, आणि आपल्या शाळेत खानदेशातून आलेल्या घरांतली मुले थोडी नाहीत. निघण्यापूर्वी घरच्या आजीआजोबांना विचारा, त्या पाण्याखाली कोणती गावे होती. नावे वहीत लिहून आणा. लाँचमध्ये बसल्यावर ती आपण मोठ्याने वाचू.