ऐकू येते, पण बोललेले पोहोचत नाही



आमच्या वस्तीतील एका मुलीची गेल्या महिन्यात नोकरीची मुलाखत होती. मुलगी बी.कॉम. झालेली, हिशोबात पक्की, टॅली शिकलेली. आई चार घरची कामे करते, वडील रात्रपाळीचे वॉचमन. मुलाखत कंपनीत जाऊन नव्हे, घरबसल्या व्हिडिओ कॉलवर होती. घरात हप्त्यावर घेतलेला जुना लॅपटॉप होता आणि गळ्यात घालायचा ब्लूटूथ हेडसेट होता. त्याला दुकानात नेकबँड म्हणतात. तो धाकट्या भावाचा. सकाळपासून घरात तीच गडबड. मागच्या भिंतीवर स्वच्छ चादर लावली, टीव्ही बंद केला, आवाज होतो म्हणून पंखाही बंद केला. कोणी दार वाजवू नये म्हणून आई बाहेर ओट्यावर बसून राहिली.

अकरा वाजता कॉल लागला. समोरच्या दोघांचा आवाज मुलीला अगदी स्पष्ट येत होता. त्यांनी नाव विचारले, तिने सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, तिने पुन्हा सांगितले. "तुमचा आवाज येत नाहीये," ते म्हणाले. मुलीने आवाज चढवला. शेवटी शेवटी ती इतक्या मोठ्याने बोलत होती, की ओट्यावरच्या आईला तिचे प्रत्येक उत्तर ऐकू आले. ज्यांनी प्रश्न विचारले त्या दोघांना मात्र एक शब्द ऐकू गेला नाही. पाच-सहा मिनिटांनी "बरं, कळवतो" म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

संध्याकाळी मुलीचे वडील तो नेकबँड घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "दादा, हा फेकून देतो आणि उद्या नवा आणतो. पगाराला आठ दिवस आहेत, पण उसने घेईन." आम्ही म्हटले, आधी बघू तरी. आम्ही काही इंजिनिअर नव्हे. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बसणाऱ्या पिढीतले आहोत, एवढेच. पण वस्तू फेकण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही सवय तेव्हापासूनची.

आम्ही तो नेकबँड आमच्या मोबाईलला जोडला आणि घरात फोन लावला. आवाज खणखणीत गेला. म्हणजे हेडसेट निर्दोष होता! ही परीक्षा सर्वांत आधी करावी. तिला दोन मिनिटे लागतात आणि नव्या खरेदीचे पैसे वाचतात. दुसऱ्या यंत्राला जोडून माइक चालला, तर दोष हेडसेटमध्ये नाही, पहिल्या यंत्राच्या मांडणीत आहे.

मग लॅपटॉप उघडून बसलो. येथे थोडे समजून घ्यावे लागेल, कारण सगळी मेख येथेच आहे. आपल्याला वाटते, हेडसेट एकदा जोडला की कान आणि तोंड दोन्ही जोडले गेले. तसे नसते. ब्लूटूथमध्ये त्यासाठी दोन वेगळे रस्ते आहेत. एक गाण्याचा. तो एकेरी असतो. त्यावरून चांगला, भरदार आवाज कानापर्यंत येतो, पण त्या रस्त्यावर माइक नाहीच. दुसरा बोलण्याचा. तो दुहेरी आहे, त्यावर माइक चालतो, पण तो अरुंद आहे. गाण्याच्या रस्त्यावरून आवाजाचे सेकंदाला ४४ हजार किंवा त्याहून जास्त नमुने जातात. बोलण्याच्या रस्त्यावरून जुन्या हेडसेटमध्ये ८ हजार, नव्यांत साधारण १६ हजार. म्हणून माइक सुरू झाला की कानातले गाणे एकदम विहिरीतून आल्यासारखे होते. तो बिघाड नव्हे. हेडसेटने रस्ता बदललेला असतो.

कॉम्प्युटर या दोन रस्त्यांना दोन नावे देतो. जुन्या विंडोजमध्ये एकाच हेडसेटची नावे दोनदा दिसतात. एकापुढे 'स्टिरिओ' लिहिलेले असते, दुसऱ्यापुढे 'हँड्स-फ्री'. विंडोज ११ मध्ये बहुधा एकच नाव दिसते आणि रस्ता आतल्या आत बदलतो. मोबाईलमध्येही हेच आहे. ब्लूटूथच्या यादीत हेडसेटच्या नावाशेजारचे चक्राचे चिन्ह दाबले, तर 'फोन कॉल्स' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन बटणे दिसतात. 'फोन कॉल्स' बंद असेल तर गाणी वाजतील, पण तुमचे बोलणे हेडसेटच्या माइकमधून जाणार नाही.

आता त्या लॅपटॉपचे काय झाले होते ते सांगतो. धाकट्या भावाची तक्रार होती, की गेम खेळताना गाण्याचा आवाज फुटका येतो. त्याने लॅपटॉप एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने हेडसेटच्या सेवांच्या यादीतली 'हँड्सफ्री टेलिफोनी' या नावापुढची खूण काढून टाकली. गाणी सुधारली, भाऊ खूश झाला. पण खूण काढली म्हणजे बोलण्याचा रस्ताच बुजला. हेडसेटचा माइक लॅपटॉपच्या दृष्टीने उरलाच नाही. दुरुस्तीवाल्याने ते सांगितले नाही, आणि भावाला कधी बोलायचे नव्हतेच, त्यामुळे कोणाला कळले नाही.

यावर तुम्ही म्हणाल, लॅपटॉपला स्वतःचा माइक असतो ना? असतो. हेडसेटचा माइक नसला तर कॉलचे अ‍ॅप तोच पकडते. पण त्या लॅपटॉपच्या वरच्या ओळीतील एका बटणावर माइकचे चित्र होते आणि त्यावर बारीक तांबडा दिवा जळत होता. लॅपटॉप घरी आला तेव्हापासून तो तसाच जळत होता. सगळ्यांना वाटे, तो चालू असल्याचा दिवा आहे. तो माइक बंद असल्याचा दिवा होता! एक माइक बुजलेला, दुसरा मिटलेला. बिचारी मुलगी कोणत्या माइकमध्ये बोलणार?

आम्ही लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून हेडसेट काढून टाकला आणि नव्याने जोडला. तसे केले की बहुधा काढलेल्या खुणा पुन्हा जागेवर येतात. येथेही आल्या. मग ते तांबडे बटण दाबले. दहा मिनिटांचे काम.

तुमच्या घरी असे झाले तर कोठे बघावे? सर्वांत आधी बटणे. हेडसेटवर एक, लॅपटॉपवर एक आणि कॉलच्या पडद्यावर एक, अशा तीन ठिकाणी माइक बंद होऊ शकतो, आणि एक सुरू केल्याने दुसरा सुरू होतोच असे नाही. मग परवानगी. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन असे पान असते. तेथे अ‍ॅपना माइक वापरू देण्याची खूण हवी. ब्राउझरमधून कॉल करत असाल तर पत्त्याच्या पट्टीतल्या डाव्या चिन्हावर दाबून त्या साइटला माइक दिला आहे का ते पाहावे. पहिल्यांदा परवानगीची चौकट आली तेव्हा घाईत 'ब्लॉक' दाबले गेले असेल, तर ती चौकट पुन्हा येत नाही. मोबाईलमध्ये अ‍ॅपच्या परवानग्यांत हेच पाहावे. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या बऱ्याच मोबाईलमध्ये वरून ओढायच्या पट्टीत सगळ्या अ‍ॅपचा माइक एकदम बंद करणारे बटणही मिळते. मुलांच्या हातून ते कधी दाबले जाते, कळतही नाही.

त्यानंतर निवड. झूममध्ये माइकच्या चित्राशेजारी बाण असतो, गूगल मीटमध्ये सेटिंग्जमध्ये ऑडिओ असते. तेथे माइक कोणता आणि स्पीकर कोणता हे वेगवेगळे निवडता येते. जुन्या विंडोजवर माइक 'हँड्स-फ्री' आणि स्पीकर 'स्टिरिओ' अशी जोडी लावली, तर उलटाच घोटाळा होतो. तुमचे बोलणे जाते, पण कानात काहीच येत नाही. दोन्हीकडे 'हँड्स-फ्री' ठेवावे.

आणि खरे सांगायचे तर आमचा सल्ला याहून सोपा आहे. ऐकण्यासाठी हेडसेट ठेवा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक निवडा. मग हेडसेटला रस्ता बदलावा लागत नाही. कानात आवाज भरदार राहतो आणि बोलणे ब्लूटूथवर अवलंबून राहत नाही. खोलीत गोंगाट असेल तर मात्र तोंडाजवळचाच माइक बरा. लॅपटॉपचा माइक शेजारच्या घरातली भांडीसुद्धा ऐकतो.

आणखी एक शत्रू घरातच असतो, तो म्हणजे मोबाईल. काही हेडसेट एकाच वेळी मोबाईल आणि लॅपटॉप दोघांनाही जोडलेले राहतात. मुलाखत चालू असताना मावशीचा फोन आला, की हेडसेट तिकडे पळतो. कॉलच्या वेळी त्या मोबाईलचे ब्लूटूथ बंद ठेवावे. नेकबँड वापरणाऱ्या मुलींनी एक लक्षात ठेवावे. त्याचा माइक बहुधा गळ्यातल्या पट्टीवर असतो, तो ओढणीखाली जातो आणि खरखर ऐकू येते. कानात घालायच्या बड्सच्या माइकचे भोक घामाने आणि धुळीने बुजते. ते कोरड्या मऊ ब्रशने झाडावे, टाचणी घालू नये.

आवाज मधेच तुटत असेल तर कारण हवेत असते. ब्लूटूथ, बऱ्याच घरांतला वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे तिघेही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच लहरी वापरतात. चाळीत भिंतीला भिंत लागून दहा वायफाय असतात, तेव्हा गर्दी होणारच. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर तो निवडावा, नाहीतर लॅपटॉप जवळ घेऊन बसावे. २०२० साली 'एलई ऑडिओ' नावाची ब्लूटूथची नवी पद्धत जाहीर झाली. तिच्यात चांगला आवाज आणि माइक एकत्र चालू शकतात. पण हेडसेट आणि लॅपटॉप दोन्ही त्या पद्धतीचे हवेत. दुकानदाराने हेडसेटच्या खोक्यावरचे नाव दाखवले म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

वायरचा साधा इअरफोन घरात असू द्यावा. त्याला चार्जिंग लागत नाही, जोडणी लागत नाही. मोबाईलच्या माइकवाल्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात. लॅपटॉपला एकच भोक असेल तर तो बहुधा थेट चालतो. जुन्या डेस्कटॉपला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतात. तेथे हिरव्यात पिन घातली तर फक्त ऐकू येईल. एकाची दोन करणारी छोटी जोडवायर घ्यावी लागते.

तपासणी मात्र आदल्या रात्री करावी. घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून आपणच मीटिंगमध्ये सामील व्हावे. तो मोबाईल घेऊन भावाला गल्लीच्या टोकाला पाठवावे, म्हणजे आवाज घुमणार नाही. पाच मिनिटे सलग बोलावे. एवढे करूनही ऐनवेळी बिघडलेच, तर आवाज चढवून उपयोग नाही. कॉलमधल्या चॅटच्या चौकटीत लिहावे, की मला तुमचे ऐकू येते, माझा माइक चालत नाही, दोन मिनिटे द्यावीत. मग कॉल सोडून मोबाईलवरून पुन्हा यावे, हेडसेटशिवाय. आपल्या मुली येथे कचरतात. समोरच्यांना थांबायला कसे सांगायचे, असे त्यांना वाटते. पण समोरच्यांना आपला बिघाड दिसत नसतो, त्यांना फक्त गप्प बसलेली मुलगी दिसते.

त्या रात्री आम्ही मुलीला बसवून कंपनीला मेल लिहायला लावला. चारच ओळी. माइक बंद होता, दोष सापडला, दुरुस्त केला, कृपया पुन्हा वेळ द्यावी. ती म्हणत होती, "काका, ते आता कशाला देतील?" तिसऱ्या दिवशी उत्तर आले आणि पुढच्या सोमवारची वेळ मिळाली. या वेळी आई ओट्यावर बसली नाही, कामावर गेली. मुलीने कानात नेकबँड घातला आणि बोलणे लॅपटॉपच्या माइकवर ठेवले. मुलाखत पंचवीस मिनिटे चालली. हा मजकूर लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. धाकटा भाऊ आपला नेकबँड परत मागतो आहे, आणि बहीण देत नाही.