दोनशे रुपये कशाचे?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात एक मोठी घटना घडली. नातवाला पहिला पगार झाला. आमच्या वेळी पहिला पगार पाकिटात यायचा. ते पाकीट देवापुढे ठेवायचे आणि मग पेढे आणायला निघायचे. आता पगार मोबाईलवर येतो. देवापुढे मोबाईल ठेवावा की नाही, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींना क्षणभर पडला. पण अखेर त्यांनी त्यालाही हळदकुंकू लावले.

पेढा तोंडात असतानाच नातवाने पगाराची चिठ्ठी उघडली, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजोबा, प्रॉव्हिडंट फंड समजला. पण हे प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे रुपये कशाचे? नोकरी करतो, हा काय गुन्हा आहे?"

वाचकहो, मला हसू आवरेना. १९७५ साली हाच प्रश्न, याच सुरात, मी कचेरीत विचारला होता. व्यवसाय कर तेव्हा नवा होता आणि आम्ही मुंबईचे कारकून मंडळी चहाच्या वेळी सरकारच्या नावाने बोटे मोडत होतो. आमचे हेडक्लार्क मितभाषी गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो, हे पैसे रोजगार हमीला जायचे आहेत. तुमचं आजोळ माणदेशातलं ना?"

मी गप्प बसलो. त्याला कारण होते.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९७३ च्या उन्हाळ्यात, मी आजोळी गेलो होतो. १९७२ चा पाऊस गेला, आणि त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आपण शहरातले लोक रेशनची तांबडी मिलो खाताना तोंडे वाकडी करीत होतो, ते हेच दिवस. एस.टी.तून उतरलो तर रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. त्यांतल्या एकीने मला पाहून पदर पुढे ओढला. ती माझी मावशी होती. घरी चार एकर जमीन, दारात बैल. पण पाऊसच नाही तर जमीन काय करणार? मला पाहून ती ओशाळली, आणि मीही तिला ओळखले नसल्याचे दाखवून पुढे गेलो. हे मी आज प्रथमच सांगतो आहे.

नातू म्हणाला, "पण हे सुचलं कोणाला?"

या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडते. सुचले ते एका आमदाराला, आणि तोही असा आमदार, की ज्याने सभागृहात भाषण करायचे नसते! विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे काम म्हणजे दुसऱ्यांना बोलू द्यायचे आणि आपण तोल सांभाळायचा. रीगल सिनेमासमोर जिथे आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे, त्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये तेव्हा विधिमंडळ भरत असे. तिथे उंच खुर्चीवर बसून अठरा वर्षे या गृहस्थांनी दुसऱ्यांची भाषणे ऐकली.

पण पागे मूळचे खेड्यातले. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे, ते त्यांचे कार्यक्षेत्र. तिथे हाताला काम नसलेली माणसे त्यांना रोज दिसत. घरच्या शेतीवर किती पैशांत किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, हा हिशेब त्यांनी आधी घरात पत्नीला विचारला, असे सांगतात. मला यात नवल वाटत नाही. कोणत्याही अंदाजपत्रकाचा खरा तज्ज्ञ स्वयंपाकघरातच असतो! मग हाच हिशेब राज्याला लावला तर काय होईल, हे त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पटवले. प्रयोग झाला तोही आधी तासगाव तालुक्यातच. पुढे १९७२ साली योजना राज्यासाठी स्वीकारली गेली. १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर कर बसला. जितके पैसे या करांतून जमतील तितकेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावेत, असे ठरले. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. तोवर राज्यातले सरकार बदलले होते आणि पागेही सभापतिपदावरून उतरले होते. पण कायदा उतरला नाही.

"पण दुष्काळी कामं तर आधीही होतीच ना?" नातू वकिली करू लागला.

होती. पण ती सरकारच्या मर्जीची. सरकारने दुष्काळ जाहीर केला तर कामे निघत, पाऊस पडला की बंद होत. नव्या कायद्याने मजुराच्या हातात हक्क दिला. खेड्यातल्या सज्ञान माणसाने अंगमेहनतीचे काम मागावे आणि सरकारने ते पंधरा दिवसांत द्यावे. देता आले नाही, तर बेकारी भत्ता द्यावा. कामे म्हणजे पाझर तलाव, बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते.

१९८० च्या सुमारास मी पुन्हा आजोळी गेलो. मावशी ओट्यावर बसली होती. या वेळी तिने पदर पुढे ओढला नाही. म्हणाली, "बाळ, कामाला नाव नोंदवलंय. पंधरा दिसांत काम न्हाई दिलं तर सरकारलाच भत्ता द्यावा लागतोय म्हनं." त्या "सरकारलाच" शब्दावर तिने जो जोर दिला, तो मी विसरलो नाही. काम तेच होते, खडी तीच होती. पण बाईची मान ताठ झाली होती.

आता सारेच गोड होते, असे मी म्हणणार नाही. हजेरीपत्रकांवर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, रस्ते अर्धवट राहिले. जमलेला पैसा पुरता खर्च झाला नाही, अशीही वर्षे गेली. माझ्या हेडक्लार्कांच्या विश्वासाला तडे जावेत असे पुष्कळ घडले. तरीही २००५ साली साऱ्या देशासाठी संसदेने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा तासगावच्या त्या प्रयोगाची वाट दिल्लीपर्यंत पोचली होती.

आपण आमदाराकडे काय मागतो? नळाला पाणी, मुलाला प्रवेश, बदली, गणपतीला वर्गणी. सभागृहात त्याने आरडाओरड केली की आपण त्याला कार्यक्षम म्हणतो. माझी कसोटी निराळी आहे. आपल्या गावचे कोणते दुःख त्याने राजधानीत नेले, आणि ते कायदा होऊन गावाकडे परत आले का? पागे यांनी हे केले. त्यासाठी त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

हे सगळे मी नातवाला सांगितले. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात, कारण वर्षाचे २,५०० पुरे करायचे असतात, हेही सांगून ठेवले, म्हणजे तेव्हा पुन्हा भांडण नको. तो बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले,

"आजोबा, त्या मावशीआजींना दिवसाला मजुरी किती मिळायची?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. माझ्या पगारातून किती गेले, ते मला पन्नास वर्षे पाठ होते. तिच्या हातात किती पडले, ते मी तिला कधी विचारलेच नव्हते.