आधीं कोठील घाणेरी उपटावी?

एकोणिसाव्या शतकांत बागेच्या शोभेसाठीं आणलेली घाणेरी पाहुणी म्हणून आली आणि सातपुड्याच्या रानाची मालकीण होऊन बसली. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. पक्षी फळें खाऊन तिचें बीं दूरवर नेतात आणि तिच्या दाट जाळीखालीं गवत खुरटतें. सगळी घाणेरी काढण्याइतका पैसा कोणापाशींच नाहीं. मग आरंभ कोठें करावा?

याचें उत्तर बेटांनीं दिलें आहे. बेटांवरील दुर्मिळ प्राणी आणि तेथें शिरलेले उंदीर, मांजरें, बकऱ्या यांच्या याद्या जुळवून शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं १६९ बेटें निवडलीं. तेवढ्या बेटांवर २०३० पर्यंत काम सुरू झालें तर १११ संकटग्रस्त जाति तगण्याची आशा वाढेल, असा त्यांचा हिशेब आहे.

नंदुरबार जिल्ह्यास समुद्र नाहीं. पण शेतांनीं वेढलेला रानाचा तुकडा हेंहि एक बेटच. १८८४ नंतर हरवलेला वनपिंगळा १९९७ सालीं शहाद्याजवळच सांपडला. विरळ सागवानी रानांत सरडे, उंदीर टिपून तो जगतो. जमीनच जाळीनें झांकली तर त्याची शिकार अवघड होईल, असें आम्हांस वाटतें. म्हणून पिंगळा कोठें आहे आणि घाणेरी कोठें नुकतीच शिरली आहे, या दोन याद्या आधीं जुळवाव्या. भिल्ल व पावरा गुराख्यांस विचारल्यावांचून त्या पुऱ्या होणार नाहींत. रस्त्याकडेची जाळी डोळ्यांत भरते म्हणून पहिली कुदळ तेथें घालणें, हें दिखाऊ काम होय.

आमच्या वाचकांनीं निदान कुंपणास घाणेरी लावूं नये. एवढें तर घरबसल्या साधेल.