दात, चष्मा आणि गहाण पडलेले रुग्णालय

एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारातील एका मंत्र्याने राजीनामा दिला. कारण काय? तर कवळी आणि चष्मा. सरकारने या दोन गोष्टींचा निम्मा खर्च रुग्णाच्या खिशातून घ्यायचे ठरवले होते. एवढ्याशा कारणासाठी कुणी मंत्रिपद सोडते का, असे आजचे आपले पुढारी विचारतील. पण हा माणूस होता अनायरिन बेव्हन. वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचा मुलगा, शाळा सोडून वयाच्या तेराव्या वर्षी स्वतः कोळशाच्या खाणीत उतरलेला. पुढे आरोग्यमंत्री झाल्यावर याच माणसाने ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा म्हणजे एनएचएस सुरू केली. गरीब असो की श्रीमंत, दवाखान्याच्या दारात पैसे विचारले जाणार नाहीत, हे तिचे मूळ तत्त्व.

हे तत्त्व तीन वर्षेही धड टिकले नाही. का? कोरियाचे युद्ध सुरू झाले होते आणि ब्रिटनला शस्त्रे वाढवायची होती. तीन वर्षांसाठी ४७० कोटी पौंडांचा शस्त्रखर्च ठरला. आणि कवळ्या-चष्म्यांच्या शुल्कातून पहिल्या वर्षी मिळणार होते किती? सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. म्हणजे वर्षाच्या सरासरी शस्त्रखर्चाचा एक टक्काही नाही. तेवढ्या रकमेने ना युद्ध थांबणार होते, ना तिजोरी भरणार होती. बेव्हनने ओळखले की इथे प्रश्न पैशांचा नाही. आरोग्य हा हक्क आहे की सरकारची मर्जी असेपर्यंत मिळणारी सवलत आहे, हे यातून ठरणार आहे. एकदा हक्काला किंमत लावली की ती किंमत वाढवायला फक्त पुढचे अंदाजपत्रक लागते. झालेही तसेच. १९५२ पासून औषधांच्या चिठ्ठीवरही शुल्क आले.

मित्रांनो, ही जुनी गोष्ट सांगायचे कारण असे की बेव्हनच्या स्वतःच्या वेल्समध्ये आज तोच प्रश्न नव्या वेषात उभा आहे. आणि तिथला सत्ताधारी वर्ग छाती ठोकून सांगतो, "आम्ही आरोग्य सेवेचे खासगीकरण केलेले नाही." हे वाक्य खोटे आहे का? शब्दशः पाहिले तर नाही. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे.

आधी वेल्सच्या पदरात जे आहे ते मान्य करू. १९९९ मध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा मिळाली आणि आरोग्याचा कारभार तिच्याकडे आला. त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ तिथे मजूर पक्षाच्याच नेतृत्वाखाली सरकारे राहिली. त्यांनी काही धाडसी निर्णय घेतले. १ एप्रिल २००७ पासून वेल्समध्ये औषधांच्या चिठ्ठीवरचे शुल्क बंद झाले. शेजारच्या इंग्लंडमध्ये ते आजही चालू आहे. २००९ मध्ये त्यांनी आरोग्य सेवेतला 'अंतर्गत बाजार' मोडून काढला. हा बाजार म्हणजे १९९० च्या कायद्याने केलेली विभागणी. एका सरकारी संस्थेने सेवा विकत घ्यायची आणि दुसऱ्या सरकारी संस्थेने ती विकायची, असा तो व्यवहार होता. तो बंद करून सात आरोग्य मंडळे नेमली गेली आणि त्यांतल्या एकाला बेव्हनचेच नाव दिले गेले. २००७ मध्ये मजूर पक्ष आणि प्लाइड कम्री यांच्या आघाडीने तर लेखी वचन दिले होते की आरोग्य सेवेत खासगी वित्त उपक्रम, म्हणजे पीएफआय, वापरणार नाही आणि २०११ पर्यंत खासगी रुग्णालयांचा वापर संपवू.

मग आज काय दिसते?

पहिला दरवाजा इमारतीचा. कार्डिफमधले वेलिंद्रे कर्करोग रुग्णालय १९५६ सालचे. आग्नेय वेल्समधल्या सुमारे पंधरा लाख लोकांचा त्यावर भार. नवे रुग्णालय हवे, यात वाद नाही. ते शहराच्या मुख्य रुग्णालयाला लागून असावे, असे अनेक डॉक्टरांनी जाहीरपणे म्हटले, कारण कर्करोगाचा रुग्ण अचानक गंभीर झाला तर अतिदक्षता विभाग जवळ लागतो. स्थानिक लोकांनी गवताळ कुरण वाचवण्यासाठी लढा दिला. हे दोन्ही आवाज ऐकू आले, पण तिसऱ्या मुद्द्यावर फारसा गोंगाट झाला नाही. तो म्हणजे या इमारतीचे पैसे कोण घालते आणि कोण फेडते.

वेल्सच्या सरकारने २०१७ मध्ये 'म्युच्युअल इन्व्हेस्टमेंट मॉडेल' नावाची योजना आणली आणि नवे वेलिंद्रे त्याच योजनेतून बांधायला दिले. नावात 'म्युच्युअल' आहे, म्हणजे परस्परांचे. ऐकायला कामगारांच्या सहकारी संस्थेसारखे वाटते. व्यवहार मात्र असा आहे : खासगी कंपन्यांचा गट पैसा उभा करतो, इमारत बांधतो, तिची देखभाल करतो आणि सरकार त्याला पंचवीस वर्षांच्या आसपास दरवर्षी ठरलेली रक्कम देत राहते. या कंपनीत सरकारला २० टक्क्यांपर्यंतच हिस्सा घेता येतो. वीसच का? सरकारचा हात त्याहून वर गेला तर हे कर्ज सरकारी कर्ज म्हणून वहीत मांडावे लागेल. म्हणजे योजनेचा आकारच असा कापलेला आहे की कर्ज असावे, पण कर्ज म्हणून दिसू नये.

सरकारचे म्हणणे आहे की हे जुने पीएफआय नाही. यात सफाई आणि स्वयंपाकाचे काम कंपनीला दिलेले नाही, संचालक मंडळावर सरकारचा माणूस आहे, स्थानिकांना रोजगाराच्या अटी आहेत. खरे आहे. या सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. पण मूळ गाठ तशीच आहे. सरकार घेईल ते कर्ज स्वस्त असते, कारण सरकार बुडत नाही हे सावकाराला माहीत असते. खासगी भागीदार घालेल त्या पैशावर नफा द्यावा लागतो. हा फरक रुग्णसेवेच्या वार्षिक खर्चातून जातो आणि आज जन्मलेले मूल कामाला लागेपर्यंत जात राहतो. उद्या मंदी आली, सरकारची मिळकत घटली, तर परिचारिकांची भरती थांबवता येईल, खाटा कमी करता येतील. कराराचा हप्ता थांबवता येणार नाही. संकटात पहिला हक्क कोणाचा, हे करारावर सही झाली तेव्हाच ठरलेले असते.

याचा अनुभव वेल्सला याच कार्डिफमध्ये येऊन गेला आहे. रुग्णालयांतले वाहनतळ मोफत करण्याची घोषणा २००८ मध्ये झाली. पण शहराच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात वाहनतळाचा ठेका खासगी कंपनीकडे होता आणि तो २०१८ पर्यंत चालला. दहा वर्षे जनतेच्या निर्णयापुढे ठेक्याचा कागद भारी ठरला. त्या काळात रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना पार्किंगच्या दंडासाठी कोर्टात उभे राहावे लागले. साध्या वाहनतळाच्या ठेक्याची ही ताकद असेल, तर पंचवीस वर्षांच्या रुग्णालयाच्या कराराची किती असेल?

दुसरा दरवाजा माणसांचा. कायम नोकरीवर पुरेशा परिचारिका आणि डॉक्टर नाहीत, म्हणून खासगी एजन्सीकडून तासावर माणसे आणायची. २०२२-२३ या एका वर्षात वेल्सच्या आरोग्य सेवेने एजन्सीच्या कर्मचाऱ्यांवर ३० कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. पुढे तो खर्च कमी करण्याचा प्रयत्न झाला, पण रोग समजून घ्या. पगारवाढ मागणाऱ्या परिचारिकेला "पैसे नाहीत" असे सांगितले जाते. तीच परिचारिका एजन्सीतून आली की जास्त दर द्यायला पैसे निघतात आणि वर एजन्सीचे कमिशनही निघते. म्हणजे पैसे होते. फक्त कामगाराच्या हातात द्यायचे नव्हते.

तिसरा दरवाजा प्रतीक्षायादीचा. सुमारे ३१ लाख लोकवस्तीच्या वेल्समध्ये २०२४ च्या अखेरीस उपचारांच्या प्रतीक्षायादीतल्या नोंदी आठ लाखांच्या घरात पोहोचल्या. एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, हे धरूनही आकडा भयंकर आहे. गुडघा किंवा मोतीबिंदूसाठी वर्ष-दोन वर्षे थांबायचे म्हटल्यावर ज्याच्याकडे साठवलेले पैसे आहेत तो खासगी रुग्णालयात जातो. कोविडनंतर वेल्समध्ये अशा स्वखर्चाने उपचार घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. यादी कमी करायला सरकारही खासगी रुग्णालयांकडून शस्त्रक्रिया विकत घेते. ज्या गोष्टीचा वापर २०११ पर्यंत संपवायचा होता, तीच आता उपाय म्हणून समोर येते.

आणि दात? २०२२ मध्ये बीबीसीने सगळ्या ब्रिटनमधल्या दंतवैद्यांना विचारून पाहिले. वेल्समध्ये दहापैकी नऊहून अधिक दवाखाने एनएचएसवर नवा प्रौढ रुग्ण घ्यायला तयार नव्हते. बेव्हनने ज्या दातांसाठी मंत्रिपद सोडले, ते दात त्याच्याच देशात पुन्हा खिशाच्या भरवशावर आले. यासाठी कोणताही कायदा बदलावा लागला नाही. सेवा कागदावर आहे, दवाखान्याचे दार मात्र बंद आहे.

यात मरतो कोण? वेल्समधल्याच ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याचे उत्तर मांडले. ज्या वस्तीला उपचारांची गरज सर्वांत जास्त, तिथे चांगले उपचार सर्वांत कमी. आणि जिथे बाजाराचा शिरकाव अधिक, तिथे ही विषमता अधिक. त्यांनी याला नियमच म्हटले, 'इन्व्हर्स केअर लॉ'. आजही वेल्सच्या सर्वांत गरीब आणि सर्वांत सुखवस्तू भागांतल्या लोकांच्या निरोगी आयुष्यात दशकाहून अधिक वर्षांचा फरक आहे. तो माणसाच्या नशिबातून आलेला नाही, अंदाजपत्रकातून आला आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. वेल्सच्या सरकारचे हात लंडनने बांधले आहेत, हे खरे आहे. २०१६ च्या आर्थिक करारानुसार बांधकामासाठी त्याला वर्षाला १५ कोटी आणि एकूण १०० कोटी पौंडांपर्यंतच कर्ज घेता येईल, अशी मर्यादा ठरली. एवढ्यात एखादे मोठे रुग्णालय उभारायचे तर बाकी शाळा-रस्ते थांबवायचे. निधीवाटपाचाही खेळ पाहा. लंडन ते बर्मिंगहॅम हा एचएस-२ नावाचा अतिवेगवान रेल्वेमार्ग. त्याचा एक इंचही वेल्समध्ये नाही. तरी केंद्र सरकारने तो 'इंग्लंड आणि वेल्स'चा प्रकल्प ठरवला, त्यामुळे स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला त्यापोटी निधीचा वाटा मिळाला आणि वेल्सला मिळाला नाही. एका शब्दाच्या वर्गीकरणाने एका देशाच्या दवाखान्यांचा पैसा जातो. १९५१ मध्ये शस्त्रे होती, आता रेल्वे आहे. प्राधान्य ठरवणारी टेबले तीच आहेत.

पण हात बांधले आहेत म्हणून तोंडही बांधलेले असते का? वेल्सच्या सरकारकडे २०१९ पासून प्राप्तिकराचा दर बदलण्याचा अधिकार आहे. मूळ दरात एका पेनीने वाढ केली तर वर्षाला २० कोटी पौंडांहून अधिक मिळू शकतात. वर्षामागून वर्ष गेले, तो दर हलवला गेला नाही. वाढवला तर मध्यमवर्ग नाराज होईल, ही भीती. पंचवीस वर्षांच्या हप्त्यावर कुणी नाराज होत नाही, कारण तो मतदाराला दिसत नाही. इथेच माझा आक्षेप आहे. कर्जाची मर्यादा अन्यायकारक असेल तर लोकांना घेऊन लंडनशी भांडा. पैसे कमी असतील तर लोकांना सांगा आणि कर मागा. पण लोकांच्या नावावर, लोकांना न दिसेल अशा वहीत कर्ज काढून "आम्ही काही विकलेले नाही" असे म्हणू नका. शेत विकले नाही, फक्त गहाण ठेवले आहे, असे सांगणारा बाप पोरांना फसवतच असतो.

म्हणून कोणतेही सरकार "खासगीकरण नाही" असे म्हणाले की टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. इमारतीचा हप्ता किती आणि किती वर्षे? कायम नोकरीची किती पदे रिकामी आहेत आणि त्या जागी कोण काम करते? आणि सर्वांत गरीब वस्तीत नवा रुग्ण घेणारा दवाखाना चालू आहे का? या तीन उत्तरांतून त्या घोषणेची खरी किंमत कळते.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. एनएचएसची कल्पना बेव्हनला कोणत्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातून सुचली नव्हती. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी १८९० च्या सुमारास आपल्या मजुरीतून काही पेनी बाजूला काढून एक वैद्यकीय मदत संस्था उभी केली होती. तिचे डॉक्टर त्यांनीच नेमलेले, तिचा कारभार त्यांच्याच समितीच्या हाती, आणि बहुतेक सगळे गाव तिच्या छत्राखाली. त्या मजुरांना आपल्या पेनीचा हिशेब माहीत होता. आज त्यांची नातवंडे-पतवंडे त्याहून कितीतरी जास्त कर भरतात, पण आपल्या रुग्णालयाचा पैसा कुठे जातो हे त्यांना कुणी सांगत नाही. आधी तो हिशेब परत मागावा लागेल.