केडलस्टनची कलकत्त्यातली सावली

या अंकाची मुखपृष्ठकथा डर्बीशायरच्या केडलस्टन हॉलची. नॅथॅनियल कर्झनने १७५९च्या सुमारास जुने घर पाडून हे बांधकाम काढले. आधीच्या दोघा वास्तुकारांनंतर सूत्रे रॉबर्ट अ‍ॅडमकडे आली. त्याने दक्षिणेची दर्शनी भिंत रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवर बेतली, मोठ्या दालनात अलाबास्टरचे २० खांब उभे केले. हे घर राहण्यापेक्षा दाखवण्यासाठीच आहे, आणि ते लपवण्याची तसदीही कोणी घेतलेली नाही. भोवतालच्या उद्यानासाठी अख्खे गाव हलवले. चर्च तेवढे जागेवर राहिले.

आराखड्यात चार कोपऱ्यांना चार उपगृहे होती, बांधली गेली दोनच. चारही उभी राहिली ती कलकत्त्यात! गव्हर्नर जनरल वेलस्लीसाठी चार्ल्स वायटने केडलस्टनचाच नमुना घेऊन बांधलेले गव्हर्नमेंट हाउस १८०३ मध्ये पुरे झाले. खर्चाचा आकडा पाहून ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक संतापले. पुढे १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून तिथे राहायला आलेला लॉर्ड कर्झन मूळ केडलस्टनमध्येच जन्मलेला. बंगालची फाळणी करणारा तोच हा कर्झन. कलकत्त्याच्या त्या वास्तूत आज पश्चिम बंगालचे राज्यपाल राहतात.