कोंबडीचें नवें दुकान आणि आमचा वांटा

परदेशी नांवाचें, झगझगीत दिव्यांचें, तळलेल्या अथवा भाजलेल्या कोंबडीचें एखादें उपाहारगृह जेव्हां शहराच्या वस्तींत उघडतें, तेव्हां त्या वस्तींत हटकून दोन तट पडतात. एका तटाचे लोक म्हणतात कीं, आमचें गांव आतां खऱ्या अर्थानें शहर झालें. दुसऱ्या तटाचे लोक म्हणतात कीं, आमची भाकरी गेली, आमचा रस्सा गेला, आतां मुलेंहि हातचीं जाणार. मुंबई-पुण्यांत हा वाद जुना झाला. परंतु लातूर-नांदेडसारख्या शहरांत तो अद्यापि ताजा आहे. आमच्या मतें हे दोन्ही तट एकाच चुकीच्या प्रश्नाचें उत्तर देण्यांत गुंतले आहेत. दुकान देशी कीं परदेशी, हा तो प्रश्न होय. त्याहून निकडीचा प्रश्न निराळाच आहे, आणि तो असा कीं, त्या दुकानाच्या व्यवहारांत आमचा वांटा किती?

परदेशीपणावर रागावून कांहीं साधत नाहीं, हें इतिहासानें दाखविलेंच आहे. 'केंटकी फ्राइड चिकन' या अमेरिकन मंडळीचें हिंदुस्थानांतील पहिलें उपाहारगृह १९९५ सालीं बंगळूर येथें उघडलें. पुढच्याच वर्षीं, जानेवारी १९९६ मध्यें, प्रा. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या शेतकऱ्यांनीं त्यावर मोर्चा नेऊन मोडतोड केली. त्यांच्या मनांतील भीति अगदींच खोटी होती असें नाहीं. धान्य माणसांच्या तोंडून काढून कोंबड्यांस घातलें जाईल आणि शेतकऱ्याचा धंदा बड्या कंपन्यांच्या मुठींत जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु कांचा फुटल्या म्हणून शेतकऱ्याच्या मालाला भाव आला नाहीं, आणि दुकानेंहि थांबलीं नाहींत. तीं वाढतच गेलीं.

शिवाय परकें म्हणजे काय, हें तरी आपण नीट ठरविलें आहे काय? मिरची, मका, बटाटा, टोमॅटो, पेरू हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतील. तीं आमच्याकडे आलीं तीं मुख्यतः पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर. मिरचीवांचून ठेचा, आणि मिरचीवांचून मराठवाड्याची येसर आमटी, यांची आज कल्पना तरी करवते काय? गोमंतकांतील 'काफ्रेआल' नांवाची हिरव्या वाटणाची कोंबडी ही आफ्रिकेतील मोझांबिककडून पोर्तुगीज अमलांत तेथें आली, असें मानितात. आज ती गोंयकारांच्या घरची झाली आहे. त्याच मोझांबिकची 'पेरी-पेरी' मिरची आज आमच्या हातगाडीवरील बटाट्याच्या कापांवर भुरभुरली जाते, आणि खाणाऱ्यास तिचा पत्ताहि ठाऊक नसतो. ज्या सोयाबीनवर आज लातूरची पेठ उभी आहे, तें तरी येथील कोठें? तें मूळ पूर्व आशियांतील, आणि आमच्या शेतांत त्याचें राज्य झालें तें गेल्या तीन-चार दशकांत. तेव्हां ताटांतील पदार्थ कोठून आला यावरून त्यास शिव्या अथवा ओंव्या देणें हें शहाणपणाचें नव्हे.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. मध्य अमेरिकेंत ग्वाटेमाला नांवाचा एक छोटा देश आहे. तेथें पीठगिरण्या व कोंबडीपालन यांचा धंदा करणाऱ्या एका व्यापारी घराण्यानें १९७१ सालीं 'पोलो कांपेरो' नांवाचें कोंबडीचें उपाहारगृह काढलें. या स्पॅनिश नांवाचा अर्थ जवळजवळ आमच्या 'गांवरान कोंबडी'सारखाच आहे. तेथील लोकांना ती चव इतकी आपली वाटूं लागली कीं, पोटासाठीं अमेरिकेंत गेलेले ग्वाटेमाला व एल साल्वादोरचे लोक गांवाहून परततांना विमानांतून त्या कोंबडीचीं खोकीं घेऊन जात. पुढें २००२ सालीं त्या मंडळीनें अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें आपलें दुकान उघडलें. मेक्सिकोतील ग्वासावे या गांवीं निघालेलें 'एल पोलो लोको' हेंहि असेंच १९८० सालीं त्याच शहरांत जाऊन पोंचलें. म्हणजे बडा देश लहान देशांत दुकान घालतो एवढेंच घडत नाहीं. लहान देशहि आपली घरची चव घेऊन बड्या देशाच्या वस्तींत उभा राहूं शकतो. त्यास एक गोष्ट मात्र हवी: शेतापासून ताटापर्यंतची सांखळी आपल्या हातीं असली पाहिजे.

आमच्या हातीं त्या सांखळीचा कोणता दुवा आहे? विद्यार्थिमित्रहो, हा हिशेब तुम्हींच करून पाहा. त्यास त्रैराशिकापलीकडे गणित लागत नाहीं. दुकानांत येते ती बॉयलर नव्हे, ब्रॉयलर जातीची कोंबडी. ती पांच-सहा आठवड्यांत सुमारें दोन किलो भरते. तेवढ्या अवधींत ती अदमासें सव्वातीन किलो खाद्य खाते. त्या खाद्यांत निम्म्याहून अधिक मका आणि जवळजवळ तीन दशांश सोयाबीनची पेंड असते. म्हणजे एका कोंबडीमागें सुमारें एक किलो पेंड लागते. शंभर किलो सोयाबीन गाळलें तर अठरा किलोंच्या आसपास तेल व ऐंशी किलोंच्या आसपास पेंड निघते. म्हणजे एका कोंबडीस सव्वा किलो सोयाबीन पुरें होतें, आणि तेल निराळें उरतें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें ठरविलेला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये आहे. त्या भावानें सव्वा किलोचे झाले सुमारें ६७ रुपये. मक्याचा हमीभाव २,४०० रुपये. दोन किलोंचे झाले ४८. एकूण एका कोंबडीमागें शेताच्या वांट्यास ११५ रुपये, आणि तेहि हमीभाव खरोखर पदरांत पडला तर! बाजारांतील भाव हमीभावाखालीं उतरल्याचा अनुभव आमच्या शेतकऱ्यांनीं २०२४-२५ सालींच घेतला आहे. दुकानांत त्या एका कोंबडीचे आठ-नऊ तुकडे होतात, आणि त्यांतील दोन-तीन तुकडे व एक पेय यांसाठींच गिऱ्हाईक बहुधा याहून अधिक पैसे मोजतो.

मधला पैसा सगळा लुबाडला जातो असें म्हणणें अन्यायाचें होईल. जागेचें भाडें, नोकरांचा पगार, वीज, तेल, कर, जाहिरात, आणि नांव वापरण्याबद्दल मूळ मंडळीस द्यावयाचा मोबदला, इतकीं तोंडें त्यांत आहेत. परंतु यांतील बरींच तोंडें आमच्या जिल्ह्याबाहेरचीं आहेत, आणि जोखीम मात्र आमच्या गांवीं राहते. पुष्कळ ठिकाणीं कोंबडीपालन कराराच्या पद्धतीनें चालतें. पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, पाणी व मेहनत शेतकऱ्याची. आणि मोबदला किलोमागें ठरलेला. रोग आला, किंवा रोगाची नुसती अफवा आली, कीं हा डोलारा कोसळतो. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू प्रथम आढळला, तेव्हां लक्षावधि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारींत शेजारच्या परभणी जिल्ह्यांत मुरुंबा येथें तोच रोग निघाला. २०२० सालीं तर, कोंबडी खाल्ल्यानें कोरोना होतो अशी निराधार आवई उठली आणि महाराष्ट्रभर भाव असे पडले कीं, कित्येकांनीं जिवंत पक्षी फुकट वांटून टाकिले.

आणखी एक अडचण आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कोंबडी पाळणाऱ्यास पेंड स्वस्त हवी. सोयाबीन पिकविणाऱ्यास तें महाग विकलें जावें असें वाटतें. २०२१ च्या उन्हाळ्यापासून सोयाबीनचा भाव चढत चढत क्विंटलास दहा हजारांच्या घरांत गेला. तेव्हां कोंबडीधंद्याच्या मागणीवरून केंद्र सरकारनें ऑगस्टमध्यें बारा लाख टन पेंड परदेशांतून आणण्यास मुभा दिली. पुढें नवें पीक बाजारांत आलें तोंवर भाव बराच खालीं आला होता. दोघेहि शेतकरीच, आणि दोघेहि एकमेकांच्या विरुद्ध उभे! हें भांडण सरकारी हुकुमानें कायमचें मिटणार नाहीं. ज्यानें सोयाबीन पिकविलें त्याचाच पेंडींत, खाद्यांत आणि शेवटच्या ताटांत कांहीं वांटा असेल, तरच एका खिशांतून गेलेलें दुसऱ्या खिशांत येईल. ग्वाटेमालाच्या त्या घराण्यानें नेमकें हेंच केलें. आमच्याहि प्रांतांत उदाहरण नाहीं असें नाहीं. योगायोग असा कीं, त्याच १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था काढली. पुढें तिचें मुख्य ठाणें पुणें झालें. अंडीं उत्पादकांस भाव ठरवितां यावा म्हणून १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापण्यांत त्यांचाच पुढाकार होता. २०१० सालीं याच घराण्यानें इंग्लंडांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉलचा संघ विकत घेतला! कोंबडीच्या धंद्यांत पैसा नाहीं, असें यानंतर कोणी म्हणूं नये.

"परंतु आम्ही लहान माणसें; एवढें भांडवल आणावें कोठून?" असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, या परदेशी दुकानांचें खरें भांडवल पैसा नसून नेम हें आहे. ठरलेलें वजन, ठरलेला भाव, ठरलेली वेळ, हात धुण्याची शिस्त, तेल बदलण्याचा नियम, आणि कोणीहि आचारी असला तरी चवींत फरक न पडणें, यासाठीं गिऱ्हाईक तेथें जातो. यांतील एकहि गोष्ट आमच्या खाणावळीस असाध्य नाहीं. लातुरांत शिक्षणासाठीं परगांवाहून येणारीं हजारों मुलें खाणावळींवरच जगतात, आणि त्यांतील कितीतरी खाणावळी बायामाणसांच्या कष्टांवर चालतात. चार खाणावळींनीं मिळून मसाला एका मापानें कुटला, कोंबडी गांवांतल्याच पाळणाऱ्याकडून लेखी भावानें घेतली, आणि स्वयंपाकघर गिऱ्हाइकास दिसेल असें ठेवलें, तर येसर घातलेला रस्सा व ज्वारीची भाकरी यांचें दुकान नांदेडाहून पुण्यास कां जाऊं नये? शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आतां आमच्या जिल्ह्यांतून निघाल्या आहेत. त्यांनीं पोतें विकून थांबूं नये, खाद्य तयार करण्याकडे वळावें, अशी आमची सूचना आहे.

शिस्त ही परदेशांतूनच आणावी लागते, असें ज्यांस वाटतें त्यांनीं नांदेडच्या हुजूरसाहेब गुरुद्वाऱ्याचें लंगर पाहावें. तेथें नांवाची पाटी विकली जात नाहीं, पैसा घेतला जात नाहीं; तरी येणाऱ्या प्रत्येकास पंगतींत बसून ऊन जेवण मिळतें, आणि भांडीं घांसण्यास सुशिक्षित मनुष्यहि लाजत नाहीं. मोठ्या समुदायास नीटनेटकें जेवूं घालण्याची विद्या आमच्या दाराशींच आहे.

पालकांस आमची एक विनंति आहे. अशा दुकानांत टोपी व एप्रन घालून उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी दिसली, तर त्यांस हलकें लेखूं नका. तें कामहि एक शिक्षण आहे. मात्र तेथें पगार वेळेवर मिळतो काय, तास किती भरावे लागतात, आणि पुढें बढतीची वाट आहे काय, हें विचारण्याचा हक्क तुम्हांस आहे, तो बजावा. ज्यांच्या घरीं मांसाहार वर्ज्य आहे त्यांच्या आचाराचा आम्ही आदर करितों. हा लेख कोणास खावयास लावण्यासाठीं नाहीं. सोयाबीनचें शेत तर माळकऱ्याचें व मांसाहाऱ्याचें सारखेंच आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या जिभेस दोन शब्द. तळलेलें, खारट व गोड हें नित्याचें अन्न नव्हे. २०२० च्या सरकारी नियमांनीं शाळेंत व शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरांच्या आंत अति तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली आहे, ती उगीच नव्हे. मोठ्या सांखळी-उपाहारगृहांनीं प्रत्येक पदार्थापुढें त्यांतील उष्मांक लिहावे, असाहि नियम आहे. किंमत वाचण्यापूर्वीं तो आंकडा वाचावयास शिका. सणासुदीस अथवा परीक्षेचा निकाल लागल्यावर एखादे वेळीं गेलांत तर आकाश कोसळणार नाहीं. परंतु आईचा डबा झांकून ठेवून रोज तिकडे जाणें हें आरोग्यास व बापाच्या खिशास दोहोंसहि जड आहे.

तात्पर्य, नव्या दुकानाच्या कांचेवर दगड मारूं नये, आणि तिच्यापुढें हातहि जोडूं नयेत. तिच्या आंत काय चालतें, तें नीट पाहावें. जें शिकण्याजोगें तें शिकावें. आणि आपल्या शेतांतून निघालेला दाणा शेवटच्या ताटापर्यंत जातांना वाटेंत कोणकोणाच्या हातीं पडतो, याचा हिशेब मांडावा. आज त्या हिशेबाच्या अगदीं पहिल्या ओळींत मराठवाडा आहे. शेवटच्या ओळींतहि त्याचें नांव यावें, हें काम आजच्या वर्गांत बसलेल्या मुलामुलींचें आहे.